रिपोर्ट नॉर्मल आले, पण लेक बरी नव्हती : ईटिंग डिसऑर्डर आणि तपासण्या

पाणपोई | ९ जुलै, रात्री ११.१०

आषाढीला शेजारच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. लेकीने ती माझ्यासमोर बसून, दाण्याच्या कुटासकट, वाटी रिकामी होईपर्यंत खाल्ली. मी आत जाऊन रडले. तेव्हाच ठरवलं की आता इथे लिहायचं.

आधी एक विनंती. मी तिचं वजन किंवा कॅलरीचे आकडे लिहिणार नाही आणि तुम्हीही प्रतिसादात लिहू नका. या आजारातल्या मुलामुलींना असे आकडे स्पर्धेसारखे वाटतात. ती मुलं इथेही वाचत असतील.

दहावीच्या सुट्टीत तिने पोळीवरचं तूप बंद केलं. मग भात. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. श्रावणात सोमवार, शनिवार, शिवाय संकष्टी. आजी खूश, नात देवाधर्माचं करते म्हणून. त्याच काळात ती रात्र रात्र रेसिपीचे व्हिडिओ बघायची, आम्हाला केक करून घालायची आणि स्वतः चमचाही चाटायची नाही. दिवाळीपर्यंत पाळी बंद झाली. सप्टेंबरातसुद्धा स्वेटर घालून बसायची. पाठीवर बारीक लव आली होती.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही असं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, लिव्हर, किडनी, सगळं केलं. सगळं नॉर्मल. "अकरावीचा ताण आहे, टॉनिक द्या." पाळीसाठी दुसरीकडे गोळ्या मिळाल्या, पाच दिवसांत रक्तस्राव झाला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. त्या एका कागदाच्या आणि त्या एका रक्तस्रावाच्या जोरावर आम्ही आणखी अडीच महिने घालवले. ही रुखरुख जात नाही.

फेब्रुवारीत मैत्रिणीने एका बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी माझी जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि लेकीचं मनगट हातात घेतलं. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. ४२. मग तिला पाच मिनिटं आडवं केलं, बीपी आणि नाडी घेतली. उभं करून पुन्हा घेतली. नाडी ८८ वर गेली, बीपी वीसहून जास्त उतरलं, तिला भोवळ आली. मग मला विचारलं, "लहानपणीची लसीकरणाची फाइल आहे का? शाळेचं आरोग्य कार्ड?"

त्याच संध्याकाळी ॲडमिट केलं. अकरा दिवस.

म्हणून हा धागा. कोणत्या तपासण्या खरंच उपयोगाच्या असतात, हे जाणकारांनी लिहावं. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनीही.

कोरांटी | १० जुलै, सकाळी ७.४५

पाणपोई, वाचून सुन्न झाले. लेकीला खूप आशीर्वाद. एक विचारते, लसीकरणाची फाइल कशाला?

पाणपोई | १० जुलै, सकाळी ९.२०

कोरांटी, मलाही तेव्हा कळलं नव्हतं. त्यात दीड वर्षाची, पाच वर्षांची असतानाची उंची-वजनं होती. शाळेच्या कार्डात चौथी, सहावी, आठवीची. डॉक्टरांनी ती सगळी वाढीच्या तक्त्यावर टिंबांनी मांडली आणि टिंबं जोडली. लहानपणापासून ती एकाच रेषेला धरून वाढत होती, मधल्या रेषेच्या थोडी वरच. आणि मग रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली.

आम्ही म्हणायचो, "बारीक आहे पण अगदीच काही हाडं दिसत नाहीत." ते म्हणाले, वर्गातल्या इतर मुलींशी तुलना करू नका, तिची तुलना तिच्याच रेषेशी करा. पोहोचायचं वजन त्यांनी त्याच रेषेवरून ठरवलं आणि सांगितलं की ते दर काही महिन्यांनी वर सरकणार, कारण ती अजून वाढतेय.

वजन करायची पद्धतही वेगळी. सकाळी, लघवी करून आल्यावर, हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये, काट्याकडे पाठ करून. आकडा तिला सांगायचा नाही. आधी तिने आकांडतांडव केलं. आठवड्याभराने म्हणाली, "आई, न कळलेलंच बरं आहे."

हिवाळी_ऊन | १० जुलै, दुपारी ४.०५

मी इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात फिजिशियन आहे, मूळची साताऱ्याची. हा धागा वाचून कामावरून आल्या आल्या लिहायला बसले.

पाणपोईताई, "रिपोर्ट नॉर्मल" या दोन शब्दांनी इथेही खूप माणसं घरी परत गेली आहेत. रक्त इतकं नॉर्मल का दिसतं, ते सांगते. अन्न कमी पडलं की शरीर खर्च कमी करतं. नाडी मंदावते, अंग थंड पडतं, पाळी थांबते, पचन रेंगाळतं. पण रक्तातले क्षार ठरलेल्या मर्यादेत ठेवण्यासाठी ते शेवटपर्यंत झटतं. त्यासाठी स्नायू आणि हाडांतला साठा वापरतं. म्हणजे बँकेतलं खातं रिकामं होत असताना खिशातले पैसे तेवढेच दिसत राहतात. शिवाय अंगात पाणी कमी असेल तर रक्त दाट होतं आणि कमी असलेले आकडेही बरे दिसतात. लिव्हरची एन्झाइम वाढलेली, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, असं बऱ्याचदा सापडतं. पण सापडलं नाही म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही.

थायरॉइडचंही तसंच. टीएसएच ठीक आणि टी-थ्री कमी, हे उपासमारीत नेहमी दिसतं. तो थायरॉइडचा आजार नव्हे. त्यावर थायरॉइडची गोळी दिली तर शरीराने मुद्दाम कमी केलेला खर्च आपण वाढवतो. कृपया असं होऊ देऊ नका.

मग बघायचं काय? आडवी आणि उभी नाडी, आडवं आणि उभं बीपी, तापमान, ईसीजी. ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबलंय का ते बघतात, पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असेल तर ते लांबतं आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. स्नायूंची ताकद बघायला एक साधी चाचणी आहे : सपाट झोपून हात न टेकता उठून बसायचं आणि उकिडवं बसून हात न टेकता उभं राहायचं. घरी करून बघू नका, पडण्याची भीती असते. इथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये अशा रुग्णांसाठी नवी मार्गदर्शिका काढली, त्यात धोका हिरवा-पिवळा-लाल असा मांडलाय. जागेपणी नाडी ४० च्या खाली म्हणजे लाल. ४० ते ५० म्हणजे पिवळा, तोही घरी बसून वाट बघायचा नाही.

नाडी मोजणं ही काही नवी युक्ती नव्हे. लंडनचे विल्यम गल यांनी १८७०च्या दशकात या आजाराला 'अनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिलं, तेव्हाच त्यांनी आपल्या तरुण रुग्ण मुलींच्या नोंदींत मंद नाडी लिहून ठेवली होती.

निळी_शाई | १० जुलै, रात्री ९.३०

हा धागा वाचताना हात थरथरत होते. माझं वजन पहिल्यापासून जास्त. तीन वर्षांपूर्वी मी त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश सात-आठ महिन्यांत घालवलं. कसं ते लिहीत नाही. चक्कर यायची, केस मुठीने गळायचे, पाळी गेली. जिथे तपासायला गेले तिथे बीएमआय बघून सांगितलं, "छान, असंच चालू ठेवा." मी तसंच चालू ठेवलं. ऑफिसच्या जिन्यात पडले तेव्हा पोटॅशियम धोकादायक पातळीवर उतरलेलं निघालं.

आता नाव माहीत आहे, 'अटिपिकल अनोरेक्सिया'. वजन 'नॉर्मल' किंवा जास्त असूनही तेवढाच आजारी असण्याचा प्रकार. किती वजन आहे यापेक्षा किती गेलं आणि किती भराभर गेलं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. फक्त एक प्रश्न.

हिवाळी_ऊन | १० जुलै, रात्री १०.१५

निळी_शाई, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. वजन झपाट्याने उतरलं असेल तर जाड दिसणाऱ्या माणसाचीही नाडी मंदावते, क्षार ढासळतात. तुमच्या बाबतीत हे चुकलं. तुमचा दोष नव्हता.

वरणफळ | ११ जुलै, सकाळी ११.००

मी आहारतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात. चौदा वर्षं झाली. पोषणाच्या तपासणीबद्दल लिहिते, कारण लोकांना वाटतं आहारतज्ज्ञ म्हणजे तक्ता देणारी बाई. अशा रुग्णाला पहिल्या भेटीत मी तक्ता देतच नाही.

पहिल्या भेटीत मी फक्त ऐकते. काल सकाळी उठल्यापासून काय खाल्लं, प्यायलं? कुणी वाढलं? पोळी मोडून किती वेळ बसलीस? ताट कुठलं होतं, रोजचं की लहान वाटी? कुठले पदार्थ आधी आवडायचे आणि आता भीती वाटते? दिवसाला किती चहा-कॉफी, किती पाणी? जेवल्यावर कुठे जातेस? व्यायाम चुकला तर काय वाटतं? इसबगोल, त्रिफळा, एरंडेल, पोट साफ व्हायच्या गोळ्या घरात कोण घेतं? हा शेवटचा प्रश्न मी 'घरात' म्हणून विचारते, म्हणजे सांगणं सोपं जातं. आणि मुलीला एकटीला विचारते, आईला बाहेर बसवून. नंतर आईशी वेगळं बोलते. दोन गोष्टी जुळत नाहीत तिथेच खरी माहिती असते.

पाणपोईताईंनी केकचं लिहिलंय. ते वाचून मी थांबले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, वजन सुमारे पाव हिश्शाने उतरवलं. आजारी कुणीच नव्हतं, बारीक व्हायची हौस कुणालाच नव्हती. तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, खाण्याशिवाय दुसरं बोलेनात, ताटातलं अन्न तासन्‌तास चिवडायला लागले, चिडचिडे झाले, नाडी मंदावली, थंडी वाजायला लागली. जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही मनाची घडी बसायला महिने गेले. म्हणून मी आयांना सांगते, तिचा हट्टीपणा म्हणून जे दिसतं त्यातलं पुष्कळसं उपाशी मेंदूचं आहे. समजावण्याआधी तिला जेवू घालावं लागतं.

पण जेवू घालण्यातही एक धोका आहे आणि तो आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. उपाशी शरीर चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं. अचानक भरपूर भात, गोड, ग्लुकोजचं सलाईन मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढलं जातं. फॉस्फेट घसरलं की हृदय आणि श्वासाचे स्नायू थकतात. जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं, सुटका झाली, जेवण मिळालं आणि त्यात माणसं दगावली.

गंमत नव्हे, हे गंभीर आहे : ॲडमिट होताना फॉस्फरस (रिपोर्टात फॉस्फेट याच नावाने येतं) बऱ्याचदा नॉर्मल असतो. तो घसरतो जेवण सुरू झाल्यावर, पहिल्या आठवड्यात. म्हणून एकदा रक्त काढून भागत नाही, पहिले काही दिवस रोज बघावं लागतं. जेवणाआधी थायमिन, म्हणजे बी-वन, देतात. कारण कर्बोदकं वापरायला ते लागतं आणि साठा संपलेला असतो. आपल्या शाकाहारी मुलींत बी-ट्वेल्व्ह आणि डी हमखास कमी सापडतात, तेही बघून घ्यावेत.

आधी फार थोड्यापासून सुरू करायचे. त्यात पोरं आणखी खंगायची. आता, रोज रक्तावर लक्ष असेल तर, किशोरवयीन मुलांना बऱ्यापैकी जेवणापासून सुरू करून लवकर वाढवणं सुरक्षित असतं असं दिसलंय. पण ते रुग्णालयात. खूप दिवस अगदी थोडं खाल्लेल्या मुलीला घरी आणून "एकदाची पोटभर जेव" असं करू नका.

पाणपोई | ११ जुलै, दुपारी १.४०

वरणफळताई, आमच्याकडे अगदी हेच झालं. तिसऱ्या दिवशी फॉस्फरस घसरला. आदल्या दिवसापर्यंत नॉर्मल होता. सकाळी सहाला रक्त काढलं, आठला डॉक्टर आले, लगेच पावडर सुरू केली. तोपर्यंत मला वाटत होतं रोज सुया का टोचतात पोरीला.

नातेवाईक डब्यात पुरणपोळ्या घेऊन आले होते. मी परत पाठवल्या तर राग आला त्यांना. कुणाचं वाईट नव्हतं मनात.

आजोळ | ११ जुलै, सायंकाळी ६.२५

मी सत्तरीची आहे. सगळं वाचलं. एक मनातलं बोलते, राग मानू नका. आमच्या आया चातुर्मास करायच्या, एकभुक्त राहायच्या, धान्यफराळ करायच्या. कुणाला आजार झाला नाही. आता श्रावण तोंडावर आहे. उपासालाच आजार ठरवलं तर आम्ही काय करायचं?

वरणफळ | ११ जुलै, रात्री ८.५०

आजोळ, तुमच्यावर राग कशाला. मी स्वतः संकष्टी करते, चंद्रोदयाला मोदक खाते. आजार उपासात नाही. पण आजार उपासाच्या आड फार छान लपतो, कारण तिथे न खाण्याला घरच्यांचा मान असतो.

मी तीन गोष्टी विचारते. उपास सोडताना ती आनंदाने जेवते, की सोडणं टाळते? आजारी पडली, परीक्षा आली तर उपास मोडू शकते का? आणि हा उपास घरात आधीपासून होता, की वजनाची चिंता सुरू झाल्यावर वाढत गेला? तुमच्या आईने उपास सोडताना पानात काय काय घेतलं असेल ते आठवा.

उपचार सुरू असलेल्या मुलीला मात्र या श्रावणात एकही उपास नको. आजीनेच सांगितलं तर ती लवकर ऐकते. तुमचा शब्द आमच्यापेक्षा जड आहे.

आजोळ | ११ जुलै, रात्री ९.३०

आईला चांगलं आठवतंय. सोमवार सोडताना ती केळीच्या पानावर वरणभात, तूप, भाजी, सगळं पोटभर जेवायची. आम्हाला शेजारी बसवायची. कळलं मला.

चढणीचा_रस्ता | १२ जुलै, सकाळी ६.१५

पुरुष आहे, एकतीस वर्षांचा, आयटीत. मुलग्यांनाही होतं हे लिहायला आलोय. मी पहाटे पळायचो, संध्याकाळी जिम. कंपनीच्या वार्षिक तपासणीत नाडी ४४ निघाली. "ॲथलीटचं हृदय आहे," म्हणाले. मला अभिमान वाटला. पुढे मांडीच्या हाडाला बारीक भेग पडली, पडलो नव्हतो तरी. तेव्हा एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी टेस्टोस्टेरॉन आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करवलं. दोन्ही कमी.

हिवाळी_ऊन, खेळाडूची आणि उपाशी माणसाची नाडी वेगळी ओळखता येते का?

हिवाळी_ऊन | १२ जुलै, दुपारी २.३०

येते, आणि त्याला यंत्र लागत नाही. खेळाडूची नाडी बसल्या जागी मंद असते आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या तरी थोडीच वाढते. कमकुवत झालेल्या हृदयाची नाडी बसल्यावर मंद आणि तेवढ्याच फेऱ्यांनी एकदम उसळते. पाणपोईताईंच्या लेकीची ४२ वरून ८८ झाली ती नुसती उभी राहिल्यावर. शिवाय खेळाडू जेवतो.

हाडांबद्दल : पाळी येण्यासाठी दिलेल्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण हाडं सुधारत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांनीही नाही. उलट पाळी 'आली' म्हणून सगळे निर्धास्त होतात. हाडं भरून यायला वजन परत यावं लागतं आणि पाळी आपणहून यावी लागते. सहा महिने किंवा जास्त पाळी बंद असेल तर डेक्सा करून घ्यावं.

बकुळ | १२ जुलै, दुपारी ४.४५

मी दंतवैद्य. थोडक्यात लिहिते. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू, टाळूकडची, झिजून गुळगुळीत झालेली दिसली की मी हळूच विचारते. ते उलट्यांच्या आम्लामुळे असू शकतं. गालाच्या मागे, कानाखाली दोन्हीकडे न दुखणारी सूज असते, लोक गालगुंड समजतात. बुलिमियात, म्हणजे भरभरून खाऊन मग उलट्या वगैरे करून ते काढण्याच्या आजारात, वजन बऱ्याचदा नॉर्मल असतं, म्हणून घरच्यांना कळत नाही, दात मात्र सांगतात. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा. आणि पोटॅशियम तपासून घ्या, आजच.

दुपार | १२ जुलै, सायंकाळी ७.००

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांनो, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) वाढत असेल आणि मूल बारीकही होत असेल तर वजन उतरवण्यासाठी इन्सुलिन मुद्दाम चुकवलं जातंय का हे प्रेमाने विचारा. आमच्याकडे हे कळायला वर्ष गेलं.

रातराणी | १२ जुलै, रात्री ११.५५

माझी मुलगी तेरा वर्षांची. वजन कमी झालेलं नाही. पण आठवीत आल्यापासून वाढलेलंही नाही, उंची मात्र वाढली. डबा अर्धा परत येतो. घरी सगळे म्हणतात या वयात मुली अशाच असतात. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, इथे या आजाराचं कुणी नाही. मी उगाच घाबरतेय का?

हिवाळी_ऊन | १३ जुलै, पहाटे ५.२०

उगाच नाही. वाढत्या वयात वजन न वाढणं हेही वजन उतरणंच. सुरुवातीच्या तपासणीला मोठं शहर लागत नाही. कुठल्याही बालरोगतज्ज्ञांकडे वाढीचा तक्ता असतो, बीपीचं यंत्र असतं, ईसीजी तालुक्याला होतो. रक्तात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, फॉस्फरस आवर्जून लिहून मागा, नेहमीच्या पॅकेजमध्ये फॉस्फरस आणि मॅग्नेशियम बहुतेक वेळा नसतात. मनाच्या बाजूसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. पण भोवळ, छातीत धडधड, बेशुद्धी असेल तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालयात.

रातराणी | १३ जुलै, रात्री १०.१०

शाळेचं कार्ड सापडलं. पाचवीपासूनची टिंबं मी स्वतः वहीत काढली. बसल्यावर नाडी ४८ आली. तीनदा मोजली. ती विचारत होती, आई काय करतेस, मी म्हटलं शिकतेय. उद्या साडेदहाची वेळ घेतली आहे.

पाणपोई | १३ जुलै, रात्री १०.३०

बरं केलंत. ती वही आणि कार्ड, दोन्ही बरोबर न्या. आडवी आणि उभी नाडी मोजा, असं स्पष्ट सांगा, संकोच करू नका. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायला सांगा. फॉस्फरसचं चिठ्ठीवर आजच लिहून ठेवा, तिथे गेल्यावर आठवत नाही. तिच्याशी एकटीशी बोला असंही डॉक्टरांना सांगा आणि तेव्हा तुम्ही खरंच बाहेर बसा.

सकाळी उपाशीपोटी नेऊ नका, दूध-पोहे काहीतरी तुमच्याबरोबर बसून खाऊ दे. दवाखाना वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टने जा, जिने चढायला लावू नका. झालं की इथे कळवा, मी जागी असेन.